पद्मिनीचं स्टेअरिंग कुणासाठी हलकं करायचं?

हौशी : पद्मिनी चालवायला गोड आहे, पण वळवायला जड आहे, एवढं आधी कबूल करू. धावत्या गाडीत ते जाणवत नाही. खरी परीक्षा गाडी जागच्या जागी वळवताना होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून बाजारात आणलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी 1089 सीसीची, वजनाने जेमतेम नऊशे किलोची. आजच्या हिशेबाने अंगाने लहानच. तरी जुन्या जालन्यात किंवा कादराबादेत एखाद्या गल्लीत ती उलटी फिरवायची म्हटलं की दोन्ही खांदे कामाला लागतात. मोंढ्याच्या बाजारात हातगाड्या, रिक्षा आणि मालाचे टेम्पो यांच्यामधून चार वेळा पुढे-मागे केल्याशिवाय जागा मिळत नाही, आणि त्या प्रत्येक वेळी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावं लागतं. परिणाम असा की गाडी छपराखालीच राहते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेल्या. आता उरल्यात त्या बहुतेक अशा घरगुती गाड्या, आणि त्यांचा शत्रू अपघात नसून उभं राहणं हा आहे. उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर चिकटतात, टाकी आतून गंजते, टायरला एका जागी सपाट डाग पडतो. मग एक दिवस भंगारवाला येतो, आणि जालन्यात भंगाराला भट्टी फार लांब शोधावी लागत नाही. या गावाच्या सळया भंगारातूनच ओतल्या जातात. म्हणून म्हणतो, स्टेअरिंगला छोटी विजेची मोटर बसवा. तंत्र काही कालचं नाही. सुझुकीने 1988 साली सर्व्हो या चिमुकल्या गाडीत विजेवरचं पॉवर स्टेअरिंग दिलं, तेव्हा कुर्ल्यात पद्मिनी अजून तयार होत होती. लहान गाडीसाठीच निघालेली सोय एका लहान गाडीला द्यायला हरकत कसली?

शंकेखोर : हरकत मोटरला नंतर घेईन. आधी ‘जड’ या शब्दाला घेतो, कारण तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकाच नावाने सांगताय. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि स्टेअरिंग फिरवून पाहा. चाकं हवेत असतानाही जोर लागत असेल तर तो जडपणा जमिनीचा नाही, आतला आहे: सुकलेलं ग्रीस, गंजलेली किंग पिन (चाक जिच्यावर वळतं ती खुंटी), आवळून बसलेला स्टेअरिंग बॉक्स, अडकणारा टाय रॉड एंड. पुढे जाऊन बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दुवा सोडवला की दोष बॉक्सचा की किंग पिनचा तेही कळतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच मोटरची चौकशी सुरू होते. मराठवाड्यातल्या गाडीवानाला हे समजावून सांगावं लागत नसे. बैलगाडीचा आस करकरायला लागला तर तो आधी वंगण घालायचा, तिसरा बैल जुंपत नसे. तुमची मोटर म्हणजे तिसरा बैल. काळ्या मातीची बारीक धूळ, एप्रिल-मेचं ऊन आणि वर्षानुवर्षं ग्रीस न दिलेली निपलं असली की किंग पिन बुशात फिरत नाही, घासते. त्यावर मोटर बसवली तर घासणं थांबणार नाही, फक्त हाताला कळायचं थांबेल. जी पिन आज जडपणाने ओरडून सांगते आहे ती उद्या गप्प बसून झिजेल. दुसरा प्रकार जमिनीवर अडणाऱ्या टायरचा. तिसरा आपणच लावून घेतलेला: रुंद टायर, अलॉय व्हील, आणि ‘स्पोर्टी’ दिसतं म्हणून बसवलेलं लहान स्टेअरिंग. 40 सेंटिमीटरचं चाक काढून 35 चं लावलं की तेच काम करायला हाताला 14 टक्के जास्त जोर लागतो. हा शुद्ध तरफेचा हिशेब आहे, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. आधी स्वतः जड केलेली गाडी मग पैसे देऊन हलकी करायची, याला सुधारणा म्हणणं मला जमत नाही.

हौशी : पहिला प्रकार तुम्हाला पूर्ण दिला. किंग पिन न पाहता मोटर बसवणारा मेकॅनिक मलाही नको. उलट त्यात मी भर घालतो. ‘स्टेअरिंग हलकं करून देतो’ म्हणत काही जण बॉक्सचा स्क्रू नुसता ढिला करतात. हाताला हलकं लागतं खरं, पण ते हलकं नसतं, सैल असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम सांगतो की स्टेअरिंगमधला प्ले स्टेअरिंगच्या चाकावर 30 अंशांपेक्षा जास्त नको आणि जोडांच्या बॉलवर रबरी टोप्या हव्यात. सैल बॉक्स हा तुम्ही म्हणता त्या लपवाछपवीचा सगळ्यात स्वस्त नमुना, आणि त्याला मोटर लागत नाही. पण समजा सगळं केलं. पिना बदलल्या, बुश रीम करून नीट बसवले, ग्रीस भरलं, टायर मूळ मापाचे, हवा बरोबर, स्टेअरिंगचं चाक मूळ व्यासाचं. जॅकवर गाडी एका बोटाने फिरते. खाली ठेवली की पुन्हा जड. आता दोष कुणाचा? कुणाचाच नाही. उभ्या टायरला जमिनीवर पिळायचं म्हटलं की रबर अडतंच. अभियंते त्यासाठी जुनं सूत्र वापरतात: लागणारा पीळ भाराच्या दीड घाताने वाढतो आणि हवेच्या दाबाच्या वर्गमुळाने कमी होतो. म्हणजे हवा 28 वरून 20 वर आली तर जोर 18 टक्क्यांनी वाढतो. पुढच्या चाकांवरचा भार 10 टक्के वाढला, तर जोर 15 टक्क्यांनी. आता पद्मिनीच्या नाकात काळानुसार काय काय आलं ते मोजा. एसीचा कॉम्प्रेसर आला, मोठी बॅटरी आली, काही गाड्यांत डिझेल इंजिन आलं. कंपनीनेच 137 डी नावाची डिझेल गाडी काढली होती. ही सगळी भर स्टेअरिंग बॉक्स जुनाच ठेवून पडली. तेव्हा तुमचा दुसरा प्रकार हे दुखणं नाही, गाडीचा स्वभाव आहे. आणि स्वभावाला औषध नसतं म्हणून सोय करायची नाही, हे मला पटत नाही.

शंकेखोर : स्वभावाला औषध नसलं तरी पथ्य असतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नये, हे प्रत्येक जुन्या ड्रायव्हरने शिकाऊ पोराला सांगितलेलं असतं. गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकत असली तरी रबर घासण्याऐवजी लोळतं आणि निम्मी भांडणं मिटतात. तुमच्या मोटरने पहिली सवय ही मोडेल. उभ्या जागी गरगर फिरवता येतं म्हणून माणूस फिरवेल, आणि तो सगळा पीळ त्याच जुन्या टाय रॉडवर, त्याच पिनांवर येईल. खांदा वाचला तरी सांध्यांची सुटका नाही.

हौशी : हा मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. सरकत्या गाडीत वळवायला सरकायला जागा हवी. मोंढ्यात ती वीतभर असते. आणि हे पथ्य कुणाला झेपतं तेही पाहायला हवं. क्लच दाबत, सोडत, हँड गियर रिव्हर्समध्ये घालत, मागे पाहत, एका हाताने स्टेअरिंग ओढायचं. पस्तिशीच्या पुरुषाला हे जमतं, म्हणून ते सगळ्यांना जमेल असं धरून चालायचं का? ज्या घरात 1974 ची पद्मिनी आहे त्या घरातला ती घेणारा माणूस आज ऐंशीच्या घरात असणार. गाडी जिल्ह्यापेक्षाही वयाने मोठी आहे. जालना जिल्हाच मुळी 1 मे 1981 चा. त्या माणसाला राजूरच्या गणपतीला स्वतः गाडी चालवत जायचं असेल, किंवा त्याच्या सुनेला ती चालवायची असेल, तर त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये फक्त खांदा उभा आहे. जड स्टेअरिंग ही परंपरा नाही, एक अट आहे, आणि ती कुणी मुद्दाम ठरवलेलीही नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्टेअरिंगविषयीचा 79 क्रमांकाचा नियम मोटारीच्या स्टेअरिंगला लावायच्या जोराची कमाल मर्यादा 15 डेकान्यूटन ठेवतो, म्हणजे साधारण 15 किलोच्या ओढीइतकी. ती मोजायची कशी, तर गाडी ताशी 10 किलोमीटरने चालत असताना. उभ्या गाडीला किती जोर लागावा यावर तो नियम काहीच म्हणत नाही. कायद्याने जिथे मोजमापच सोडलं, नेमकी तिथेच माणसं गाडी सोडताहेत.

शंकेखोर : त्याच नियमाची पुढची ओळ मी वाचतो. मदत बंद पडली तर 30 डेकान्यूटनपर्यंतचा जोर चालेल, असं तो म्हणतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही गृहीत धरलंय की मदत कधी ना कधी बंद पडणार, आणि त्या क्षणी हातात पूर्वीपेक्षा जास्त ओझं येणार. बंद पडलेलं पॉवर स्टेअरिंग हे साध्या स्टेअरिंगइतकं जड नसतं, त्याहून जड असतं, कारण आता तुम्ही चाकांबरोबर ती मेलेली मोटर आणि तिचं गियरही फिरवत असता. तुमच्या ऐंशीतल्या आजोबांना हे राजूरच्या वळणावर कळावं असं तुम्हाला वाटतं का? आता मोटर बसते कुठे ते पाहू, कारण चर्चेत ती नुसती ‘बसवायची’ असते. पद्मिनीत स्टेअरिंगचा दांडा चाकापासून सरळ बॉक्सपर्यंत जातो, आणि त्याच्याच अंगाला लागून हँड गियरची दांडी उतरते. शेवटच्या काळातल्या काही गाड्यांना फ्लोअर गियर होता, त्या सोडा. बाकी सगळ्या पद्मिनींत नारळाएवढी मोटर घालायची तर एक तर गियरची दांडी हलवावी लागते, नाही तर दांडा कापावा लागतो. कापलेला दांडा जोडणार कसा? वेल्डिंगने. जालन्यात वेल्डिंगवाल्याला तोटा नाही, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटतं. सळईच्या या गावात टीएमटी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तापलेल्या गजावर पाणी मारून बाहेरची साल कडक आणि गाभा चिवट ठेवतात. तोच गज पुन्हा लाल केला तर ती सगळी करामत वाया जाते. दांड्याचं पोलादही तसंच लहरी. वेल्डच्या शेजारचा पट्टा तापून भराभर थंड होतो, ठिसूळ होतो, आणि त्यात केसाएवढी चीर राहिली तर ती डोळ्याला दिसत नाही. सळई तुटली तर स्लॅबमध्ये दुसरी असते. स्टेअरिंगला दुसरा दांडा नसतो.

आणि मोटर एकटी येत नाही. लहान गाडीच्या मोटरलासुद्धा उभ्या जागी पूर्ण वळवताना क्षणभर 30 ते 40 अँपिअर लागतात. 12 व्होल्टला 40 धरले तर 480 वॉट झाले. म्हणजे दोन्ही हेडलाइटांच्या कितीतरी पट. जुन्या पद्मिनीत डायनामो आहे, आणि इंजिन आयडलिंगला असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तुम्हाला वीज हवी नेमकी तेव्हाच. म्हणजे अल्टरनेटर आला. त्याच्या मागे जाड वायर, वेगळा फ्यूज, रिले, बहुधा मोठी बॅटरी. ती मोठी बॅटरी पुन्हा पुढच्या चाकांवर बसणार, आणि तुम्हीच सांगितलेला दीड घाताचा हिशेब पुन्हा सुरू होणार.

हौशी : बॅटरीचा टोला छान होता, पण पाच किलोंनी गणित बदलत नाही. डायनामोचंही तसंच. किती पद्मिनींत अजून डायनामो आहे? बहुतेकांनी तो कधीच काढून अल्टरनेटर लावलाय, आणि तेव्हा कुणी मूळपणाच्या नावाने गळा काढला नाही. दांड्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. कापून वेल्ड केलेला दांडा मला नको, कुणी फुकट करून दिला तरी नको. पण ती एकच वाट नाही. इंग्लंड-युरोपातले जुन्या छोट्या गाड्यांचे शौकीन मोडीतल्या व्हॉक्सहॉल कोर्साचा विजेवरचा कॉलम वापरतात. त्या कॉलमची गंमत अशी की गाडीच्या कंप्यूटरकडून वेगाचा निरोप आला नाही तर तो बंद पडत नाही, मध्यम मदत देत राहतो. त्याला एक छोटी डबी जोडतात आणि नॉबने मदत कमी-जास्त करतात. आपल्याकडे मोडीत निघालेल्या छोट्या मारुतींतही विजेचे कॉलम मिळतात. जोड खाचांचा, युनिव्हर्सल जॉइंट बोल्टने आवळलेला, ब्रॅकेट चॅसिसला न कापता बसवलेला, आणि मूळ दांडा संपूर्ण काढून बाजूला ठेवलेला, एवढ्या अटी मी स्वतःहून घालतो. दांडा एकसंध असेल तर त्याच्या जागी खाचा पाडलेला नवा दांडा टर्नरकडून घडवून घ्यावा लागेल. महाग आहे, कबूल. पण परत फिरता येईल असं काम आणि परत फिरता न येणारं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुम्ही दोन्हींना एकाच काठीने मारताय. राहिला मूळपणा. ही गाडी 5.20-14 च्या क्रॉसप्लाय टायरवर निघाली होती. आज बहुतेक जण रेडियल घालतात. रेडियलचा उभ्या जागचा पीळ वेगळा, रस्त्यावरची पकड वेगळी. म्हणजे स्टेअरिंगचा मूळ जडपणा तर टायरवाल्याच्या दुकानातच बदलला. तुम्ही राखताय तो कुठला मूळ?

शंकेखोर : टायरचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या पिशवीत पडतं. क्रॉसप्लाय टायर वळणातून स्वतःहून सरळ व्हायला आळशी असतो, म्हणून त्या काळच्या काही गाड्यांत कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागचा झुकाव) जास्त ठेवून चाकांना सरळ यायला भाग पाडत. रेडियल टायर ते काम आपसूक जास्त करतो. मग जुना कॅस्टर आणि नवा टायर यांची बेरीज होऊन स्टेअरिंग फाजील जड होतं. उपाय काय, तर अलाइनमेंट करताना कॅस्टर थोडा कमी करणं. शिमचं, म्हणजे पातळ पट्ट्यांचं काम, मोटर नको. तुम्ही ज्याला गाडीचा स्वभाव म्हणालात त्यातला एक हिस्सा असा शिम सरकवून जातो. किंग पिनखालच्या घासणाऱ्या वॉशरच्या जागी काही जुन्या गाड्यांत बेअरिंग बसवतात, त्याने आणखी एक हिस्सा जातो. फक्त तरफ लांब करून हलकं करण्याच्या भानगडीत पडू नका. आर्म लांब केला की जोर कमी लागतो, पण तेवढेच फेरे वाढतात आणि चाक पूर्वीइतकं वळत नाही. मोंढ्यात चारऐवजी सहा वेळा पुढे-मागे. कुठून तरी वसुली होतेच.

पण माझी खरी अडचण बिघाडाची नाही, चालू असलेल्या मोटरची आहे. धावत्या गाडीत स्टेअरिंगला जो भार लागतो तो नुसता भार नसतो. वळणात टायर चाकाला सरळ करायला बघतो, आणि हा सरळ होण्याचा जोर पकड सुटण्याच्या थोडा आधी उतरायला लागतो. म्हणजे गाडी घसरण्याआधी स्टेअरिंग हातात हलकं होतं. ओल्या रस्त्यावर ही एवढीच सूचना मिळते, तीसुद्धा क्षणभर आधी. तुम्ही चाकाला कायमचं हलकं केलंत तर ती सूचना ओळखायची कशी? समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. मोकळ्या माळावरचा आडवा वारा, शेजारून सुसाट जाणारा ट्रक, आणि साठ वर्षांपूर्वीच्या घडणीची गाडी बोटभर हलवलं तर हातभर सरकणाऱ्या स्टेअरिंगवर. गल्लीतला आराम आणि महामार्गावरचा धोका एकाच नॉबने कसा सांभाळाल?

हौशी : इथे आपण पहिल्यांदा एकाच गोष्टीवर बोलतोय, म्हणून सावकाश जातो. तुम्ही म्हणता भार म्हणजे बातमी आहे. धावत्या गाडीत आहे, मान्य. पण उभ्या गाडीत स्टेअरिंग कुठली बातमी देतं? टायर जमिनीला चिकटलाय एवढीच, आणि ती मला दिसतेच आहे. त्या जडपणात ना पकडीची सूचना, ना घसरण्याची. तो शुद्ध कर आहे, त्याच्या बदल्यात ड्रायव्हरला काही मिळत नाही. तुमचा सगळा युक्तिवाद चाळीस-पन्नासच्या पुढच्या वेगाला लागू होतो आणि माझी सगळी गरज पाचच्या आतली आहे. वेग वाढला की मदत आटत जाईल आणि पन्नासच्या पुढे मोटर गप्प बसेल, एवढंच मला हवं. तेव्हा तुमची बातमी तुमच्या हातात, आणि माझा खांदा मोकळा. समृद्धीचं म्हणाल तर तिथे जायचा आग्रह माझा नाहीच. अंबड, भोकरदन, फार तर संभाजीनगर, एवढीच या गाडीची दुनिया.

शंकेखोर : आता तुम्ही मागताय ती गोष्ट चांगली आहे, फक्त ती मघाच्या मोडीतल्या कॉलमपेक्षा वेगळी आहे, हे लक्षात घ्या. नॉब स्वतः आटत नाही, तो कुणीतरी फिरवावा लागतो. आणि माणूस गल्लीतून बाहेर पडल्यावर नॉब मागे घ्यायला विसरतो, जसा इंडिकेटर चालू ठेवून दहा किलोमीटर जातो. वेगाप्रमाणे मदत आटवायची तर मोटरला वेग कळायला हवा. पद्मिनीचा स्पीडोमीटर फिरणाऱ्या केबलवर चालतो, त्यातून विजेचा निरोप निघत नाही. त्या केबलला सेन्सर जोडा, त्याची नाडी मोटरला समजेल अशी करा, आणि तो सेन्सर पावसात भिजला तर मोटरने काय करायचं तेही ठरवा. हे काम प्रयोगशाळेत चोख होतं. गॅरेजमध्ये ते कधी चोख होतं, कधी ‘चालतंय ना’ या भरवशावर सोडलं जातं. मी विरोध करतोय तो कल्पनेला कमी आणि त्या ‘चालतंय ना’ला जास्त. तरी एक गोष्ट सोडतो. उभ्या गाडीच्या जडपणात बातमी नसते, हे तुमचं बरोबर आहे. मी इतका वेळ त्यालाही गाडीचा बोल समजत होतो. तो बोल नाही, नुसतं ओझं आहे. पण ते ओझं उतरवताना बोल बंद पडणार नाही, याची हमी मात्र तुमच्याकडे अजून नाही.

हौशी : आणि किंग पिनचं? जॅकवरची तुमची परीक्षा मी घेतली. मोटर बसवण्याआधी एकदाच नाही, दर सहा महिन्यांनी, मोटरचा फ्यूज काढून. मोटर दुखणं लपवते हे खरं. मग ती बंद करून पाहायची सवय लावली तर लपलेलं बाहेर येतं. यात काय कमी पडतं?

शंकेखोर : सवय लावणारा माणूस. तो तुम्ही असाल, तर काहीच कमी पडत नाही. गाडी विकली तर? पुढच्या मालकाला हलकं स्टेअरिंग मिळेल, फ्यूज काढून पाहायचं असतं हे मिळणार नाही. आणि सरकारी बाजूही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसीतल्या नोंदी उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाने करू नये; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तीच रेघ आणखी ठळक केली. दुसरीकडे 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत बदल नको. म्हणजे 1974 ची पद्मिनी आज त्या दारात उभी आहे. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. तेव्हा आधी तुम्हीच ठरवा, तुम्हाला मोंढ्यात न्यायची गाडी हवी आहे की जपायची. पहिली असेल तर तुमची मोटर समजते. दुसरी असेल तर मोंढ्याचं कारण सांगू नका.

हौशी : मला न्यायची हवी आहे, आणि नेतो म्हणूनच ती जपली जाईल, हे मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. त्या वाक्यातलं ‘म्हणूनच’ तुम्ही मान्य करत नाही, एवढाच आपला वाद उरला.

शंकेखोर : आणि तो मोठा आहे. माझ्या मते जी गाडी वापरासाठी बदलली ती वापरात टिकेल, पण ती पद्मिनी राहील की पद्मिनीच्या पत्र्यातली दुसरीच गाडी होईल, हे तुमच्या अटी किती जण पाळतात यावर ठरेल. मूळ दांडा काढून माळ्यावर ठेवा, त्याला चिठ्ठी बांधा, गाडीचा नंबर लिहा, काय काढलं आणि कसं परत बसवायचं ते लिहा. ती चिठ्ठी गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे गेली तर माझी निम्मी हरकत गेली.

हौशी : चिठ्ठी लिहीन. पण आरटीओत दाखवायची वेळ आली तर ती लावायची कुठे? आरसीत इंजिन नंबर आहे, चॅसिस नंबर आहे, रंग आहे, सीट किती तेही आहे. स्टेअरिंगला रकाना नाही.